शीर की चीर

एकोणतीस वर्षं बाईंनी बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीत काढली. गाडी कधी सुटणार, कुठून सुटणार, सुटली असेल तर पुढची कधी, आणि पुढची नसेल तर मी आता काय करू, या चार प्रश्नांची उत्तरं त्यांनी इतक्यांदा दिली की निवृत्त होऊन सहा वर्षं उलटली तरी इमारतीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. चौकशीबाईच म्हणतात. खरं तर या नावात थोडी गफलत आहे. खिडकीच्या बाहेर उभी राहायची ती माणसं चौकशी करायची. बाई आत बसून उत्तर द्यायच्या. प्रश्न पुरता ऐकायच्या आधी उत्तर तयार असायचं. ती सवय त्या निवृत्त होताना घरी घेऊन आल्या.

तर या चौकशीबाई गेले तीन आठवडे ओट्यासाठी दगड शोधत होत्या आणि त्यांचा पाय घरात ठरत नव्हता.

झालं होतं असं. स्वयंपाकघरात बेसिनखालचा पाइप कधीपासून झिरपत होता कोण जाणे, पण भिंत ओली झाली, मग फुगली, आणि ओटा पुढच्या बाजूला झुकला. प्लंबरने गुडघ्यांवर बसून आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि सांगितलं, की हे ठिगळ लावायचं काम नाही, फोडावं लागेल. फोडून आठ दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर शेगडी मांडून स्वयंपाक चालला होता. गवंडी सोमवारी येणार होता. सोमवारी दगड घरात नसला तर तो पुढच्या कामावर निघून जाणार होता आणि मग दीड महिना तरी तोंड दाखवणार नव्हता. हे त्याने स्वतःच, आधीच, हसत सांगितलं होतं.

आता कुणी म्हणेल, ओट्याला दगडच लावायचाय, त्यात एवढं डोकं काय खपवायचं? ग्रॅनाइट घ्यावा आणि मोकळं व्हावं. बाईंनाही एरवी कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच उत्तर दिलं असतं. पण या घरात स्वयंपाक बाई करत नाहीत. काका करतात.

काका, बाईंचे यजमान, कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. पहिली पाळी करून ते तीनला घरी यायचे. बाईंची दुसरी पाळी नऊला सुटायची. लग्न झाल्यावर पहिला आठवडाभर दोघांनी वाट पाहिली की स्वयंपाक कुणीतरी दुसरा करेल. मग काकांनी बाह्या सरसावल्या. पहिल्या वर्षी नाइलाज होता, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि त्यानंतर ओट्याजवळ दुसरं कुणी उभं राहिलं की काकांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. बाईंना चहा येतो. काका म्हणतात, त्यातही पाणी जास्त असतं.

पाच महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की पडदा मधोमध झिजतोय, दोन्ही डोळ्यांचा. काका पूर्ण आंधळे होणार नाहीत. कडेकडेचं राहील, पण बरोबर समोर जे असेल ते पुसट होत जाईल, आणि त्याला चष्म्याचा उपाय नाही. परत येताना टॅक्सीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही. लेकीलाही नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि घरातही हा विषय नको."

बाईंनी शब्द पाळला. पण जुन्या ओट्यावर काका वीस वर्षं वावरले होते. मीठ कुठे, सुरी कुठे, कड कुठे संपते, हे त्यांच्या हाताला पाठ होतं, डोळ्यांची गरज कमी पडायची. आता तो ओटाच गेला. नव्या ओट्यावर काकांची सुरी चुकली, बोट कापलं, की लेक येणार. लेक दुसऱ्या गावात असते, मायाळू आहे आणि फार झटपट आहे. ती एका दिवसात स्वयंपाकाला माणूस ठेवणार, आणि काका खुर्चीत बसणार. बाईंनी एक माणूस असा खुर्चीत बसवलेला पाहिला होता, त्यांचे स्वतःचे वडील. सगळ्यांनी त्यांची इतकी काळजी घेतली की त्यांना करायला काही उरलं नाही, आणि दोन वर्षांत ते संपले. बाईंच्या जिवाला घोर होता तो एवढाच. काका ओट्याशी उभे राहिले पाहिजेत.

म्हणून त्या पर्समध्ये एक डबी घेऊन निघाल्या. डबीत मीठ, चार मिरे, लसणाच्या दोन पाकळ्या. सोबत एक छोटी सुरी, रुमालात गुंडाळलेली. आणि काकांचा एक जुना चष्मा, ज्याच्या दोन्ही काचांवर बरोबर मधोमध त्यांनी काळ्या कागदाचे गोल चिकटवले होते. तो लावला की काका बघतात तसं दिसेल, असा त्यांचा हिशोब.

पहिल्या दुकानात सेल्समनने ठिपक्याठिपक्यांचा करडा ग्रॅनाइट दाखवला आणि त्यावर प्रेमाने हात फिरवला. "हा डोळे मिटून घ्या, बाई. यावर काही दिसत नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच. डाग, धूळ, चुरा. महिनाभर पुसू नका, कळणार नाही कुणाला."

बाईंनी डबी उघडली, चिमूटभर मीठ दगडावर टाकलं, लसणाची पाकळी ठेवली, चष्मा लावला आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. मीठ गेलं होतं. लसूणही गेला होता. सुरी ठेवली तर तिचीही नुसती मूठ उरली.

"मला दिसायला हवं," बाई म्हणाल्या.

"डाग?"

"हो. सगळंच."

सेल्समन एक पाऊल मागे सरला. चौकशीच्या खिडकीत बसून बाईंनी हेच पाऊल हजारदा पाहिलं होतं. समोरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं की लोक तसे सरकतात. त्यांना वाईट वाटायला वेळ नव्हता. त्या दुसऱ्या दुकानात गेल्या. तिथे पांढरा संगमरवर होता. लिंबाने त्याला डाग पडतात, हे त्यांना एव्हाना कळलं होतं; पण पडले तर उलट बरं, निदान दिसतील, असं त्या म्हणाल्या तेव्हा दुकानदारीणबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. पांढऱ्यावर मीठ आणि लसूण, दोन्ही हरवले. तिसऱ्या दुकानात काळा ग्रॅनाइट होता, पण इतका चकचकीत की छतावरच्या सगळ्या ट्यूबलाइट त्यात उलट्या लटकत होत्या. चौथ्या दुकानात शिरायच्या आधीच त्या परत फिरल्या, कारण काचेतूनच सगळं ठिपक्यांचं दिसत होतं.

घरी आल्यावर त्या बसत नसत. बाहेरच्या खोलीतून फोडलेल्या स्वयंपाकघरात जायच्या, तिथे भिंतीकडे बघायच्या, परत यायच्या.

"काय चाललंय तुझं?" काका शेगडीपाशी उभे राहून विचारायचे.

"काही नाही. पाय मोकळे करतेय."

"जरा बांधून ठेव. फरशी झिजेल."

लेकीचा फोन यायचा. "आई, अजून दगडच चाललाय? पांढरा टाक कुठलाही, फोटोत छान येतो." बाई हो म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर पुन्हा उठायच्या. काळा, बिनचकाकीचा आणि एकरंगी, हे त्यांचं ठरलं होतं. खात्री करायला म्हणून त्यांनी शेगडीच्या टेबलावर गुपचूप काळं रेक्झिन अंथरलं. दुसऱ्या दिवशी काकांनी लसणाची पाकळी पहिल्या झटक्यात उचलली. बाईंनी दारामागून पाहिलं आणि त्यांना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

तो दगड शेवटी गावाबाहेरच्या एका गोदामात मिळाला. गडद काळा, मॅट, आणि त्यातून तिरकी गेलेली एकच बारीक पांढरी रेघ. मीठ दिसलं, लसूण दिसला, सुरीचं पातं तर चष्म्याच्या कडेतूनही लखलखलं. बाईंनी तिथल्या तिथे तो पक्का केला. शुक्रवारी कापायचं ठरलं. तरी त्यांनी गोदामाला दोनदा फोन केला, एकदा दगड जागेवर आहे ना हे बघायला आणि एकदा पहिला फोन कुणी घेतला होता हे बघायला.

शुक्रवारी सकाळी त्या चपला घालत होत्या, तर काका बूट घालून दारात.

"तुम्ही कुठे?"

"तू जातेस तिथे."

"काय करायचंय येऊन? मी बघितलाय ना दगड."

"ओटा माझा," काका म्हणाले, "आणि दगड मी बघायचा नाही?"

बघायचा म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं आणि बोलायची सोय नव्हती. बसमध्ये पूर्ण वेळ बाई मनातल्या मनात उत्तरं जुळवत होत्या: सेल्समनने हे विचारलं तर मी मध्येच असं बोलेन, काका तिथे अडखळले तर मी असा हात धरेन.

गोदामात दगडाचे मोठमोठे तुकडे लोखंडी घोड्यांना टेकवून उभे होते. मागच्या बाजूला कटिंगचं मशीन किंचाळत होतं आणि जमिनीवर पांढरट चिखल पसरला होता. बाईंनी काकांचं कोपर धरलं. सेल्समन पुढे आला, मोठ्या आवाजात, कारण मशीनपुढे दुसरा आवाज चालत नव्हता.

"या काका, या! बाईंनी काय माल काढलाय बघा. अख्ख्या गोदामात एकच आहे."

काका दगडासमोर उभे राहिले, मान जराशी तिरकी करून. "वा," ते म्हणाले. "चकाकी छान आहे."

दगडाला चकाकी नावालाही नव्हती. सेल्समनने बाईंकडे पाहिलं.

"रंग, रंग म्हणतायत ते," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"आणि ही शीर बघा," सेल्समनने पांढऱ्या रेघेवरून हवेत बोट फिरवलं. "दगडात अशी शीर शोधून सापडत नाही. वरपासून खालपर्यंत, कुठे तुटलेली नाही."

काका एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे दगडावर ठेवले. मग उजव्या हाताच्या तर्जनीचं नख टेकवून ते हळूहळू खाली आणलं. एका जागी नख थांबलं. काकांनी ते थोडं वर नेलं, पुन्हा खाली आणलं, आडवं फिरवलं.

"ही शीर नाही."

"म्हणजे?"

"चीर आहे."

"तेच म्हणतोय ना मी, काका. शीर."

"तुम्ही शीर म्हणताय. मी चीर म्हणतोय. चहातला च."

सेल्समन हसला. तो वाईट नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेताना हसतात तसा हसला. बाईंना ते सोसलं नाही. "अहो, राहू द्या ना. शीरच आहे ती. आम्ही सगळ्यांनी बघितलीय." बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

"बघितलीय ना सगळ्यांनी? आता हात लावा."

सेल्समनने बोट फिरवलं. "काही लागत नाही."

"बोट नव्हे, नख. आडवं."

मशीन बंद झालं. मागून दगड कापणारा कारागीर आला, पन्नाशीचा, भुवयांपर्यंत पांढरा झालेला. त्याने नख फिरवलं, बादलीतून पाण्याचा हबका मारला आणि फडक्याने दगड पुसून काढला. चौघेही बघत उभे राहिले. दगड वाळत गेला. पांढऱ्या रेघेला चिकटून, केसाएवढी, हातभर लांब एक ओली रेघ मात्र तशीच राहिली.

"चीर आहे," कारागीर म्हणाला. "शिरेच्या आड लपलीय. कापताना टिकला असता. बेसिनचं भोक पाडलं की फुटला असता, बहुतेक तुमच्या घरात बसवताना." तो काकांकडे वळला. "कुठे काम केलंत?"

"लेथवर. छत्तीस वर्षं."

"तरीच. रोज हात लागतो या दगडाला आमचा. आम्हाला नाही दिसली."

"मलाही नाही दिसली," काका म्हणाले. "मला दिसतच नाही हल्ली."

आज पाणी आलं नाही असं सांगावं तितक्या सरळ आवाजात ते म्हणाले. "मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं दिसतं. पाच महिने झाले."

बाईंना आधी राग आला. रडू नाही, चक्क राग. घरात पाच महिने ज्या विषयाला कुलूप होतं, तो या माणसाने चिखलात उभं राहून एका परक्यापुढे उघडला होता.

कारागिराने अरेरे वगैरे काही म्हटलं नाही. "स्वयंपाक कोण करतं?" त्याने विचारलं.

"मी."

"मग दगड बाईंनी का निवडला?"

"कारण याच्यावर दिसतं!" बाई एकदम म्हणाल्या, आणि तीन आठवड्यांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं: मीठ, मिरे, ठिपक्यांचा ग्रॅनाइट, उलट्या लटकलेल्या ट्यूबलाइट. बोलताबोलता त्यांनी डबी काढली, चष्मा काढला, लसणाची पाकळी चिखलात पडली. काका ऐकत होते.

"पाच दुकानं फिरलीस यासाठी?"

"मग काय करायचं होतं मी?"

"मला विचारायचं होतंस."

"तुम्हीच म्हणालात विषय नको!"

"हो," काका म्हणाले. "म्हणालो." मग म्हणाले, "लसूण दिसतो मला काळ्यावर, ते खरंय. पण कढई काळी आहे. काळ्यावर काळी ठेवली की गायब होते. त्या रेक्झिनवर दोनदा पोळलो."

"कधी?"

काकांनी हात पाठीमागे घेतला.

"दाखवा."

त्यांनी उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. मनगटाच्या वर दोन आडवे चट्टे होते, एक सुकत आलेला, दुसरा अजून लाल. गेला आठवडाभर काका पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत होते. ते बाईंनीच इस्त्री करून दिले होते.

बाई नुसत्या हाताकडे बघत राहिल्या. बोलला तो कारागीर, तेही दगडाशी बोलल्यासारखा. "चिरेच्या वरचा भाग धडधाकट आहे. निम्म्या ओट्याला पुरेल."

"आणि निम्मा फिकट?" काका म्हणाले. "एकरंगी, असाच मॅट. डावीकडे काळा, तिथे चिरणं, निवडणं. उजवीकडे फिकट, तिथे शेगडी आणि गरम भांडी."

"काका, पण मधोमध जोड दिसेल," सेल्समन कळवळून म्हणाला. "जोड दिसू नये म्हणून आम्ही इथे मरमर मरतो."

"दिसू दे. आणि नुसता दिसून उपयोग नाही. नखाला लागला पाहिजे."

कारागीर पहिल्यांदाच हसला. जन्मात कुणी असलं काम सांगितलं नव्हतं, म्हणाला. मग त्याने काकांचा पंजा दगडावर ठेवून त्याच्याच मापाने खडूच्या खुणा केल्या, जोड कुठे, बेसिन कुठे, कडेला बोटाएवढा उंचवटा ठेवायचा का. काका प्रत्येक गोष्टीला हो किंवा नाही म्हणत होते, भराभर, कारखान्यात म्हणत असतील तसे. बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. किती उंचीवर काकांचे खांदे दुखत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी आयतं खाल्लं होतं आणि पाच महिने नुसती काळजी केली होती.

फिकट दगड शोधायला कारागीर आणि सेल्समन मागच्या बाजूला गेले. बाईंनी डबी बंद केली, पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

"अहो."

"हं."

"लसूण दिसतो, सुरी दिसते. ते कळलं मला. मी दिसते का?"

काकांनी तोंड फिरवलं, पार पलीकडे, उभ्या दगडांच्या रांगेकडे. बाईंना वाटलं, झालं, पुन्हा विषय बंद. त्या पर्स उचलून निघणार, तोच काका म्हणाले, "थांब. हलू नकोस जागची."

त्या थांबल्या. काकांनी हनुवटी आणखी थोडी वळवली, किंचित वर केली, आणि दगडांकडे बघत तसेच राहिले.

"आता दिसतेस," ते म्हणाले. "केस विंचरायचे राहिलेत तुझे."

"सकाळपासून वेळ होता का मला," बाई म्हणाल्या. त्यांनी हाताने केस मागे सारले आणि काकांची मान अवघडेपर्यंत त्या तिथेच, न हलता उभ्या राहिल्या.